मताची थकबाकी

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचे मत जन्मभरासाठी गेले, हा फ्लोरिडाचा १८६८पासूनचा शिरस्ता. ते परत हवे तर गव्हर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे हात जोडायचे. गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या कारकिर्दीत २०११पासून नुसता अर्ज करायलाही शिक्षा संपल्यावर पाच किंवा सात वर्षे थांबावे लागे. शेवटी देणारे मर्जीने देत.

६ नोव्हेंबर २०१८ला मतदारांनीच हे बदलले. घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागत होती, पडली ६४ टक्क्यांहून जास्त. मोहिमेचे म्होरके डेसमंड मीड तुरुंगवास आणि बेघरपण भोगून पुढे कायद्याचे पदवीधर झालेले; स्वतःच्याच प्रस्तावाला मत देण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून, शिक्षा पूर्ण केलेल्या सुमारे १४ लाख लोकांना मत मिळेल, असा अंदाज होता.

आठच महिन्यांत विधिमंडळाने पाचर मारली. जून २०१९मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी सही केलेल्या कायद्यानुसार दंड, कोर्टाची फी, नुकसानभरपाई, सगळे चुकते केल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे धरायचे नाही. ठीक, भरतो, पण किती? इथेच खरी गोम होती. थकबाकीची एकत्र नोंद राज्याकडे नव्हतीच. या कायद्याविरुद्धच्या खटल्यात एका प्राध्यापिकेने विद्यार्थी हाताशी घेऊन १५३ जणांचे हिशेब बराच काळ खणले. तिघे सोडून प्रत्येकाच्या कागदपत्रांत विसंगती निघाली. (आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत नाही, कच्च्या कैद्यालाही नाही, पण सुटून आलेल्याला केंद्रावर दंडाची पावती कुणी मागत नाही.) न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी मे २०२०मध्ये कायद्याचा बराचसा भाग घटनाबाह्य ठरवला. सप्टेंबरात, निवडणूक तोंडावर असताना, अपील कोर्टाने ६ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला.

ऑगस्ट २०२२मध्ये बेकायदा मतदानाबद्दल २० जणांवर कारवाई जाहीर झाली. हे खून किंवा लैंगिक गुन्ह्यातले, म्हणजे दुरुस्तीतून वगळलेले. पण त्यांच्यातल्या अनेकांना सरकारी कचेरीनेच मतदार कार्ड पाठवले होते. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात बेड्या पडतानाचा त्यांचा गोंधळ स्पष्ट दिसतो. पुढच्या वर्षी राज्याने उपाय काढला: हे कार्ड मतदानाच्या पात्रतेचा पुरावा नाही, असे कार्डावरच छापायचे.

नोव्हेंबर २०२४मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पाम बीचला मतदान केले. न्यूयॉर्कमध्ये ते ३४ आरोपांत दोषी ठरले होते. परराज्यात दोषी ठरलेल्याला फ्लोरिडा त्या राज्याचा नियम लावतो, आणि न्यूयॉर्कमध्ये मत जाते ते फक्त तुरुंगात असेपर्यंत.