बग एका फाइलमध्ये, एरर दुसऱ्याच!

मेसच्या भाजीत मीठ कमी पडलं की आपण आरडाओरडा करतो. पण त्या मिठातल्या आयोडीनचं पुढे काय होतं, हे कुणी विचारतं का? ते रक्तातून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जातं. तिच्या पेशींवर आयोडीन आत ओढणारा एक पंप असतो. त्याचं नाव एनआयएस.

थायरॉइड कॅन्सरवरची एक ट्रीटमेंट याच पंपावर चालते. ऑपरेशननंतर गरज असेल त्या पेशंटला किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात. उरलेल्या कॅन्सर पेशी ते नेहमीचं आयोडीन म्हणून आत घेतात आणि त्याच्या किरणांनी मरतात. म्हणजे शत्रू स्वतःच बॉम्ब घरात नेतो! बहुतेक पेशंट बरे होतात. पण काहींच्या पेशी आयोडीन घेतच नाहीत. असं का?

याचं एक मोठं कारण म्हणजे बीआरएएफ नावाच्या जनुकातला म्युटेशन. डीएनएमध्ये ‘जीटीजी’ असायला हवं तिथे ‘जीएजी’ होतं. बस, एका अक्षराचा फरक! त्यामुळे प्रोटीनमध्ये ६०० नंबरच्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल येतं. २०१४ साली ४९६ पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाच म्युटेशन सर्वांत जास्त, साधारण ६० टक्के ट्यूमरमध्ये दिसला.

बीआरएएफ हा पेशीतला एक स्विच आहे. बाहेरून सिग्नल आला की तो ऑन होतो आणि ‘वाढा’ असा निरोप पेशीच्या केंद्रकाकडे पाठवतो. काम झालं की साखळीतलं शेवटचं प्रोटीन निगेटिव्ह फीडबॅक देतं आणि सिग्नल खाली येतो. कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरला आपण हेच तर पाठ करतो. पण बिघडलेला बीआरएएफ हा फीडबॅक ऐकतच नाही. स्विच ऑन तो ऑनच.

याचा परिणाम जीन एक्स्प्रेशनवर होतो, म्हणजे कुठलं जनुक किती वाचलं जातं यावर. एनआयएसच्या जनुकाजवळ डीएनए ज्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो, त्याच्या रासायनिक खुणा निघून जातात. गुंडाळी घट्ट होते, जनुक वाचता येत नाही आणि पंप बनत नाही.

गंमत बघा. बीआरएएफ ७ नंबरच्या क्रोमोसोमवर आणि एनआयएसचं जनुक १९ नंबरच्या! ते तिथे शाबूत असतं, फक्त कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकासारखं. फाटलेलं पुस्तक वाचता आलं नसतं. कपाट मात्र उघडता येतं.

तसा प्रयत्न झालाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही सिग्नलची साखळी दाबणारं सेल्युमेटिनिब हे औषध २० पेशंटना दिलं. त्यातल्या १२ जणांच्या ट्यूमरमध्ये आयोडीन जास्त जायला लागलं आणि ८ जणांना पुन्हा किरणोत्सारी आयोडीन देण्याइतकं ते वाढलं. बीआरएएफवाल्या ९ जणांपैकी मात्र फक्त ४ जणांमध्येच वाढ दिसली. पुढे २०१५ साली थेट बीआरएएफवर काम करणारं डाब्राफेनिब वापरलं, तेव्हा १० पैकी ६ जणांमध्ये दार उघडलं.

म्हणजे सगळ्यांचं कुलूप अजून उघडलेलं नाही. पण प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला आपण जे शिकतो ते इथेही खरं ठरतं: एरर दिसते ती लाइन बरोबर असू शकते, बग दुसऱ्याच फाइलमध्ये शोधावा लागतो. आणि हो, गळ्यावर गाठ जाणवली तर परीक्षा संपायची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते त्यांना ठरवू दे!