वृद्धाश्रमातील हेळसांड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वृद्धाश्रमातील हेळसांड म्हणजे परावलंबी रहिवाशाला अन्न, पाणी, औषध, स्वच्छता किंवा उपचार वेळेवर न मिळणे. अशा तक्रारीच्या चौकशीत न झालेले काम शोधावे लागते. म्हणूनच तिच्याविषयी गैरसमज फार आहेत.

गैरसमज: मारहाण नसेल तर गुन्हा नाही.
वस्तुस्थिती: आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या व्यक्तीच्या देखभालीचा कायदेशीर करार करून ती जाणूनबुजून टाळणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तो अदखलपात्र असल्याने पोलिसांना तपासासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होते.

गैरसमज: शय्याव्रण दिसला की हेळसांड सिद्ध झाली.
वस्तुस्थिती: माकडहाड, खुबा, टाचा यांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा घटतो आणि जखम होते. अतिशय क्षीण रुग्णाला चांगली सेवा मिळूनही ती होऊ शकते. म्हणून कूस ठरावीक वेळाने बदलली जात होती का, त्वचा लाल झाल्याचे प्रथम केव्हा दिसले आणि डॉक्टरांना केव्हा कळवले, हे तपासावे लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

गैरसमज: नोंदवही भरलेली असेल तर काळजी घेतली गेली.
वस्तुस्थिती: प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यांचा हजेरीपट, औषधांची बिले आणि रहिवाशाचे वजन यांच्याशी ताडून पाहावी लागते. रजेवर असलेल्या आयाची सही किंवा वजन झपाट्याने उतरत असताना रोज ‘जेवण पूर्ण’ असा शेरा आढळला, तर सखोल तपास आवश्यक ठरतो.

गैरसमज: स्मृतिभ्रंश झालेल्यांचा जबाब निरुपयोगी.
वस्तुस्थिती: प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येत असेल, तर केवळ वय किंवा आजार यांमुळे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ खाली कोणी साक्षीला अपात्र ठरत नाही. जबाब कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत, शांतपणे, सोप्या प्रश्नांतून घ्यावा.

गैरसमज: संस्थेने तक्रार फेटाळली की विषय संपला.
वस्तुस्थिती: पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. शंका येताच तारखेसह छायाचित्रे आणि वैद्यकीय कागद जपून ठेवावेत, आणि रहिवाशाचे उपचार चौकशी संपेपर्यंत थांबवू नयेत.