नकाशात आजी कुठाय?

बालमित्रांनो, तुमच्या घरात कोण कुठं बसतं, हे कधी नीट पाहिलंय? आम्हीही पाहिलं नव्हतं. त्याचीच ही हकिगत.

आमची खोली दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. म्हणजे किती? बरोबर, 160 चौरस फूट! मुंबईत 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोलीही साधारण एवढीच. आमच्या खोलीत माणसं चार. मी, मुलाचे बाबा, दहावीतला मुलगा आणि आजी. मुलगा जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायचा. डास चावायचे, येणारेजाणारे गप्पा मारत थांबायचे. मग दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, घराचं रूप पालटायचं.

आधी नकाशा. एक फूट म्हणजे एक सेंटीमीटर धरून चौकटीच्या वहीत खोली आखली. पलंग, कपाट, टेबल यांचे कागदी तुकडे कापून सरकवून पाहिले. खिडकीखाली टेबल कसं झकास बसलं! मग तेवढीच चौकट खडूनं जमिनीवर काढली. सुतारकाका मापं घ्यायला आले. आजी काही बोलली नाही. खिडकीखालचा आपला पाट उचलून दाराशी जाऊन बसली. रोज सकाळी तिथंच ती भाजी निवडायची, जप करायची.

मुलाच्या लक्षात आलं. म्हणाला, "आई, नकाशात आजी कुठाय?"

मी गप्पच झाले. वर्गात सगळ्यांना बसायला जागा मिळाली का, हे रोज पाहणारी मी आणि घरात विसरले!

तोड काढली सुतारकाकांनी. टेबलाऐवजी दोन फूट बाय दीड फुटाची फळी, भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली. सकाळी फळी मिटलेली, खिडकी आजीची. संध्याकाळी फळी उघडली की खिडकी मुलाची. फळीची उंची कशी ठरवली, माहितेय? मुलाला खुर्चीवर बसवून त्याचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजलं. दारावर माळा केला. पलंगाखाली अंथरुणांसाठी खण केले. खण ओढल्यावर खुर्चीला अडणार, हे खडूच्या रेघांवरून आधीच कळलं, म्हणून ते दुसऱ्या बाजूनं उघडणारे केले.

आता रंग. छत पांढरं, भिंती फिकट पिवळ्या. फिकट रंग अंगावर पडलेला बराचसा प्रकाश परत फेकतो, गडद रंग तो गिळून टाकतो. माळ्यालाही भिंतीचाच रंग दिला, म्हणजे तो डोळ्यांवर येत नाही. फळी मात्र निळी. तो रंग आजीनं निवडला, बरं का!

एक मात्र सांभाळा. भिंतीचा जुना रंग कोरडा खरवडू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या मेंदूला घातक असते. नोव्हेंबर 2017पासून आपल्याकडे घरच्या रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं चालत नाही. म्हणून नवा डबा घेताना त्यावरचा मजकूर वाचा.

छोट्या घराची लाज वाटते का कुणाला? मग ऐका. चंदीगड शहराची आखणी करणारे थोर वास्तुकार ल कोर्बुझिए यांनी 1952 साली फ्रान्समध्ये समुद्रकाठी स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. लांबीरुंदी फक्त 3.66 मीटर, म्हणजे बारा फूट! पलंग, टेबल, फळ्या सारं मापानं बनवलेलं, जमीन पिवळीधमक. स्वयंपाकघरच नव्हतं, जेवायला शेजारच्या खाणावळीत! 2016 साली ही खोली जागतिक वारसा ठरली.

तर दोस्तांनो, या रविवारी आईबाबांना घेऊन बसा आणि आपल्या घराचा नकाशा काढा. पलंग, कपाट नंतर मांडा. आधी घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यात लिहा. कुणी राहिलं तर नाही ना?