पांढरीचा उतारा

बुलढाणा जिल्ह्यातील पूर्णाकाठची काळी जमीन कपाशीला मानवते, घराच्या पायाला नव्हे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी, ही वाटणी जुनीच आहे. सातबारा मात्र काळीपुरता असून गावठाणाच्या सीमेशी थांबतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये ही सीमा जिल्हाधिकारी ठरवितात. सर्वसाधारणपणे २,००० हून अधिक लोकवस्तीची गावठाणे पूर्वी मोजली गेली. लहान गावे राहून गेली. तेथील घरधन्यापाशी असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. ती कर आकारणीची नोंद होय, मालकीचा पुरावा नव्हे. कर्ज मागावयास गेल्यावर हा फरक कळतो!

ही उणीव दूर करण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. ग्रामस्थांसमक्ष हद्दींवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, ड्रोनद्वारे छायाचित्रे घेतली जातात. नंतर नकाशा व मालकी हक्काची चौकशी होऊन मिळकत पत्रिका तयार होते. चौकशीत हरकत घेता येते. तथापि चुना पडतेवेळी घरधन्याने जातीने हजर राहणे अगत्याचे आहे. सामाईक बोळ, न्हाणीच्या पाण्याची वाट, गोठ्याची भिंत हे तंटे शेजाऱ्यांसमोर, जागेवरच मिटविणे सोपे असते.