अमोनियायुक्त खतांची पेरणी

बी पेरतानाच नायट्रोजनयुक्त खत बियाण्यापासून ठराविक अंतर राखून जमिनीत देण्याची पद्धत. अमोनियम सल्फेट (२०.६% नायट्रोजन), डायअमोनियम फॉस्फेट (१८% नायट्रोजन, ४६% फॉस्फेट) आणि यूरिया (४६% नायट्रोजन) ही या वर्गातील प्रमुख खते होत. अमेरिकेत ८२% नायट्रोजन असलेला निर्जल द्रव अमोनिया दाबाखालील टाक्यांतून थेट जमिनीत सोडतात. भारतात ती पद्धत रूढ नसून प्रामुख्याने घन खते वापरतात.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीलगत, पाऊस विपुल असून भात हे मुख्य पीक आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. तेथील कोरडवाहू जमिनीत मृगाच्या पावसाची ओल थोडेच दिवस टिकते. अशा वेळी खताने बी जळाल्यास दुबार पेरणी करावी लागते आणि बियाणे, मजुरी व वाफसा हे तिन्ही वाया जातात.

अपायाची कारणे : अपाय दोन प्रकारे होतो. (१) विरघळलेल्या खतामुळे बियाण्याभोवतीच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढते व बियाण्यास पाणी शोषून घेता येत नाही. (२) जमिनीतील यूरिएज या एंझाइमामुळे यूरियाचे अमोनियम कार्बोनेटात रूपांतर होते, जमिनीचा अल्कधर्मीपणा तेवढ्यापुरता वाढतो आणि मुक्त झालेला अमोनिया कोवळ्या मुळास विषारी ठरतो. हलक्या जमिनीत अमोनियम धरून ठेवणारी चिकणमाती कमी असते, तर चुनखडीयुक्त जमिनीत अमोनिया अधिक मुक्त होतो. म्हणून दोन्हींत धोका जास्त असतो. ओल अपुरी असल्यास तो आणखी वाढतो. ओळीत तुटक उगवण होणे व मुळांची टोके तपकिरी पडणे ही याची लक्षणे होत. पुष्कळदा दोष बियाण्यास दिला जातो.

पद्धती : खत बियाण्याच्या सु. ५ सेंमी. खाली व ५ सेंमी. बाजूस पडावे. यासाठी दोन चाड्यांची पाभर वापरतात. मात्र चाडी वेगळी असूनही दोन्ही नळ्या एकाच तासात, एकाच खोलीवर उघडत असतील, तर संरक्षण मिळत नाही. असे औजार नसल्यास प्रथम खत खोल पेरून नंतर बी वेगळ्या ओळीत उथळ पेरावे. बी व यूरिया एकत्र मिसळून पेरू नये.

उदा., मध्यम जमिनीतील बाजरीस हेक्टरी ६० किग्रॅ. नायट्रोजन व ३० किग्रॅ. फॉस्फेट द्यावयाचे असल्यास अर्धा नायट्रोजन व सर्व फॉस्फेट पेरणीच्या वेळी देतात. त्यासाठी सु. ६५ किग्रॅ. डायअमोनियम फॉस्फेट व ४० किग्रॅ. यूरिया लागतो. उरलेला नायट्रोजन सु. एक महिन्याने, ओल असताना, ओळींच्या बाजूस देऊन मातीआड करतात.

दक्षता : अमोनियम खतांत चुना वा राख मिसळू नये; त्यामुळे अमोनिया वायुरूपाने निघून जातो. यूरिया हवेतील ओलावा शोषून घेतो व नळ्या तुंबतात. म्हणून तास सुरू असताना नळ्या वारंवार तपासाव्यात. काम संपताच चाडी, नळ्या व फण धुऊन कोरडे करावेत, अन्यथा लोखंडी भाग गंजतात.