आधी वही, मग वायर

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीत शिरलं की डोंगराच्या अंगावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे जाडजूड पाइप दिसतात. वर लोणावळ्याकडच्या तलावांत अडवलेलं पाणी पाचेकशे मीटर खाली येतं आणि १९१५ सालापासून इथे वीज तयार करतं. शेजारच्या कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं वीजघर १९२२चं. म्हणजे खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांना वीज शतकभर जुनी आहे. पण या लेखातली वीज वेगळी. बोरघाटाच्या पायथ्याशी जे ट्रक थांबत आले, त्यांच्या बोनेटखालची, फार तर चोवीस व्होल्टांची.

बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० साली. पुढे मोटारी आल्या, मालमोटारी आल्या, आणि घाट चढण्याआधी पाणी-हवा-ब्रेक तपासायला पायथ्याशी थांबायची रीत पडली. रस्त्याकडेला पंक्चरवाला, कमानपाट्यावाला आणि त्यांच्या जोडीला बॅटरी-वायरिंगवाला बसला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लांब पल्ल्याची बरीच वाहतूक तिकडे वळली. तरी ‘सेल्फ उचलत नाही’, ‘डिपर लागत नाही’ या तक्रारी घेऊन येणारे ट्रक काही संपले नाहीत.

आता त्यात एका नव्या गिऱ्हाइकाची भर पडली आहे. कर्जत-खालापूरच्या शेतघरांत कुणाला आजोबांचा ट्रक पुन्हा उभा करायचा असतो, कुणी भंगारातून जुनी डॉज उचललेली असते. इंजिन बांधून होतं, पत्रा ठोकून रंग लागतो, आणि मग प्रश्न येतो वायरिंगचा. जुनं दुरुस्त करायचं की आख्खा संच नवा घालायचा? नवा घालायचा तर कोणता? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण दुकानाच्या काउंटरवर शोधतात. ते खरं तर ट्रकपाशी बसून, वही-पेन्सिल घेऊन शोधायचं असतं.

पहिलं पान: गाडीचं कूळ

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांची मुख्य घराणी तीन. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघाल्या. कूळ अमेरिकन, आणि दोघींत फरक मुख्यतः नावाच्या पट्टीचा. दुसरं घराणं टाटा-मर्सिडीजचं. १९५४ साली जमशेदपुरातून पहिला ट्रक बाहेर पडला, १९६९ साली करार संपला आणि जाळीवरचा तारा उतरून ‘टी’ आला. हे कूळ जर्मन. तिसरं लेलँडचं, म्हणजे ब्रिटिश.

वायरिंगच्या बाबतीत हे कूळ फार महत्त्वाचं, कारण प्रत्येकाची रंगभाषा वेगळी. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. ब्रिटिश लुकास पद्धतीत तपकिरी वायर थेट बॅटरीवरून आलेली, कायम जिवंत. जर्मन गाडीवर हात बसलेल्या माणसाने लेलँडची तपकिरी वायर बिनधास्त चेसिसला आवळली तर काय होईल, हे सांगायला नको. जर्मन पद्धतीत जोडाच्या टोकांना आकडेही असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. आजही रिले विकत घेतला तर त्याच्या पायांशी ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे सापडतात. ते याच पद्धतीतले.

अर्थात पन्नास वर्षांत गाडीला किती हात लागले असतील, सांगता येत नाही. लाल संपली म्हणून पिवळी जोडलेली, पिवळीला पुढे घरगुती फिटिंगची वायर पिळलेली. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्याआधी टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक वायरीचं मूळ आणि शेवट वहीत लिहावा. जुना गठ्ठा कापून फेकू नये. सोडवून जमिनीवर ट्रकच्या आकारात पसरावा, फाटे कुठे फुटतात ते टेपने मोजावं. नवा संच बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं माप तेच.

दुसरं पान: दाब किती, अर्थ कुठला

गाडी १२ व्होल्टची की २४ची? बॅटऱ्या दोन आहेत एवढ्यावरून ठरवू नये, त्या एकापुढे एक जोडल्यात की समांतर, ते पाहावं. डायनॅमो किंवा अल्टरनेटरवरची पाटी वाचावी, सेल्फवरची वाचावी, बल्बांवरचा आकडा पाहावा. तिन्ही एकच सांगत असतील तर लिहून टाकावं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक मेख असते: काहींत बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं. तिथे डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा तर अर्थ ऋण करावाच लागतो, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

दाबाचं गणित खोपोलीच्या वीजघराला लागू तेच इथेही लागू. मुंबईच्या गिरण्यांपर्यंत वीज न्यायची तर दाब चढवूनच न्यावी लागली. तेवढीच शक्ती जास्त दाबाने नेली की प्रवाह कमी लागतो आणि तार बारीक चालते. १२ व्होल्टवर ६० वॉटचा एक दिवा ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १०. २४ व्होल्टच्या ट्रकला ७५ वॉटचे दोन दिवे मिळून जेमतेम ६ अँपिअर घेतात. म्हणून १२ व्होल्टच्या गाडीत वायरीची जाडी हा हौसेचा नव्हे, नजरेचा प्रश्न आहे.

हिशेब करून पाहा. बॅटरीपासून स्विच, तिथून डिपर, तिथून दिवा हा रस्ता ट्रकमध्ये सहज सहा मीटर होतो. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून दहा अँपिअर गेले की या रस्त्यात साधारण एक व्होल्ट गळतो. बाराचे अकरा झाले की दिव्याचा उजेड सुमारे पाव भागाने घटतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. पावसाळ्यात रात्री धुक्यातून घाट उतरताना हा पाव भाग कळतो. उपाय दुहेरी: दिव्यांना जाड वायर आणि दिव्यांजवळ रिले. मग डॅशबोर्डच्या जुन्या स्विचवर फक्त इशाऱ्याचा भार राहतो.

तिसरं पान: किती सर्किटं?

अमेरिकेत जुन्या डॉज-शेव्हरोलेसाठी तयार संच मिळतात, बारा सर्किटांचे, अठरांचे, एकवीसांचे. प्रत्येक वायरीवर तिचं काम छापलेलं, फ्यूज बॉक्स जोडलेला. पाहून जीव हरखतो. पण एकवीस सर्किटांत विजेच्या काचा, दारांची कुलपं, रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप यांची सोय असते. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल ट्रकला यातलं काही लागत नाही. इंजिन एकदा धरलं की ते विजेवाचून चालतं आणि बंदही ओढायच्या दांडीने होतं. वहीत यादी मांडा: सेल्फ, चार्जिंग, मोठे दिवे, साइड आणि टेल, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, मीटर बोर्ड, केबिनचा दिवा. जुन्या टाटा-मर्सिडीजच्या प्री-चेंबर इंजिनाला हीटर प्लगची जाड वायर वेगळी. पुढेमागे लागतील म्हणून दोन-तीन रिकामी सर्किटं. दहा-बारांत काम होतं.

परदेशी संचाच्या दोन अडचणी कॅटलॉगमध्ये लिहिलेल्या नसतात. पहिली, तिकडचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. फ्यूज बॉक्स, स्विच, डिपर यांची अंतरं त्या हिशेबाने कापलेली. आपल्याकडे सगळं उजवीकडे, म्हणजे एक फाटा तोकडा आणि दुसरा लोंबता. म्हणून टोकं मोकळी सोडलेला, लांबी राखलेला संच घ्यावा. दुसरी अडचण लाकडाची. तिकडचा मागचा भाग पोलादी, दिव्याचा अर्थ पत्र्यातूनच परत येतो. आपल्या जुन्या ट्रकची बॉडी लाकडी. लाकडातून अर्थ कसा परतणार? प्रत्येक मागच्या दिव्याला चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थाची वायर हवी, आणि संचात ती नसते. मागच्या दिव्यांच्या लपंडावाचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडात सुती विणीचं आवरण घातलेले जुन्या थाटाचे संच बनतात. दिसायला देखणे. पण आपल्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी असतं, आणि उभ्या गाडीत उंदीर बिऱ्हाड करतात. सुती वीण हवीच असेल तर ती फक्त डॅशबोर्डच्या आत. चेसिसवर नळीदार आवरणच बरं, आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला वाट.

तिसरा रस्ता स्वदेशी. टाटाच्या जुन्या मॉडेलांचे वायरिंग सेट सुट्या भागांच्या बाजारात मिळतात, आणि डॉजचे सुटे स्विच-सॉकेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात धुंडाळता येतात. किंवा वहीतल्या मापाने मिस्त्रीकडून आख्खा हार्नेस बांधून घ्यायचा: फळीवर खिळे ठोकून, वायरी ताणून, फाटे काढून. एकुलत्या एका ट्रकसाठी माझं मत याच रस्त्याला. फक्त वायर मोटारगाडीची, भारतीय मानक आयएस २४६५ची घ्यावी. घरगुती फिटिंगच्या वायरीत तांब्याचे पदर कमी आणि जाड असतात, घाटातल्या हादऱ्यांनी ते तुटतात.

चौथं पान: न दिसणाऱ्या गोष्टी

संचाची परीक्षा चकाकीवर होत नाही. ती तीन ठिकाणी होते.

एक, फ्यूज. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. जुन्या गाड्यांतले दोन्हीकडे टोकदार फ्यूज रंगाने ओळखू यायचे, पांढरा ८ अँपिअर, लाल १६. तो उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवायची सवय रस्त्यावर पडली, आणि त्या चांदीने कित्येक केबिनी पेटवल्या. नव्या संचात पात्यांचे फ्यूज घ्यावेत, कुठेही मिळतात. फ्यूज बॉक्स हात पोचेल अशा कोरड्या जागी बसवावा.

दोन, जोड. पिळून टेप मारलेला जोड पहिल्याच पावसात हिरवा पडतो. डाग दिलेला जोड भक्कम वाटतो, पण कथील वायरीत चढून ती ताठ करतं आणि हादऱ्यांनी ती तिथेच, जोडाच्या पुढे तुटते. योग्य पकडीने दाबलेलं लग आणि वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, हा या रस्त्यांचा खरा जोड.

तीन, अँपिअर मीटर. जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवरच्या या मीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह जातो. डायनॅमोच्या काळात ते निभावलं. मोठा अल्टरनेटर बसवून तोच मीटर तसाच ठेवला तर त्याची टोकं तापतात, आणि केबिनच्या आत, फ्यूजच्या अलीकडे आग लागण्याची जागा तयार होते. तिथे व्होल्टमीटर घालावा. जुनी तबकडी शोभेला राहू द्यावी. सेल्फची जाड केबल बहुतेक संचांत येतच नाही, ती आणि बॅटरीजवळचा मेन स्विच वेगळे घ्यावेत. ट्रक महिनोन्महिने उभा राहणार असेल तर मेन स्विचवर पैसे वाचवू नयेत.

शेवटचं पान

म्हणजे कोणता संच घ्यावा? वहीतली यादी, दाब, मापं आणि अर्थ यांना जो जुळेल तो. महागडा परदेशी संच वहीशी जुळत नसेल तर तो चुकीचा, आणि मिस्त्रीने फळीवर बांधलेला जुळत असेल तर तोच बरोबर. काम झालं की एक गोष्ट मात्र विसरू नका. कुठली वायर कुठून कुठे गेली, तिचा रंग, जाडी आणि फ्यूज यांचा नकाशा मराठीत, ठळक अक्षरात काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि केबिनमध्ये सीटखाली ठेवा. पुढच्या मिस्त्रीला टेस्ट लॅम्प घेऊन तुमच्यासारखं पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.