रत्नागिरी लिहायला किती कळा?

‘रत्नागिरी’ हा शब्द इनस्क्रिप्ट पद्धतीने नऊ कळांत होतो आणि शिफ्टला हातही लावावा लागत नाही: र, त, पाय मोडायची खूण, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. क्रुतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर रेमिंग्टन पद्धतीने तोच शब्द आठ कळांत उरकतो, कारण तिथे अर्ध्या ‘त’ला स्वतंत्र कळ आहे. मात्र ‘गि’ची वेलांटी ‘ग’च्या आधी दाबायची, कारण कागदावर ती आधी दिसते. तिसरी पद्धत मोबाइलवाल्यांची. इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव लिहायचं आणि कुठली वेलांटी पहिली, कुठली दुसरी हे यंत्राने ओळखायचं. एका शब्दाच्या या तीन तऱ्हा पाहिल्या, की कीबोर्डविषयी आपण जे धरून चालतो त्यातलं बरंच डळमळायला लागतं.

पहिला गैरसमज असा की भाषा कीबोर्डात असते. आखातात नोकरी केलेल्या कोकणी माणसाने तिकडून आणलेल्या लॅपटॉपवर अरबी अक्षरं छापलेली असतात. ‘यावर मराठी कसं लिहायचं?’ असं घरचे विचारतात. लिहिता येतं, काहीही न बदलता. कळ दाबली की कीबोर्ड संगणकाला फक्त त्या कळेचा क्रमांक कळवतो. त्या क्रमांकाचं ‘क’ करायचं, ‘के’ करायचं की एखादं अरबी अक्षर, हे ठरवते विंडोज किंवा लिनक्ससारखी प्रणाली. कळेवरचं छापील अक्षर ही माणसाच्या डोळ्यांची सोय. संगणकाला ते दिसत नाही. देशोदेशींच्या कीबोर्डांत हाताला लागणारा फरक अगदी थोडा. युरोपी कीबोर्डावर एंटरची कळ उभी असते आणि डाव्या शिफ्टशेजारी एक जादा कळ असते. जपानीत स्पेसबारच्या बाजूला लिपी बदलायच्या दोन-तीन कळा. बाकी सारा फरक सॉफ्टवेअरमध्ये.

दुसरा समज म्हणजे एका भाषेला एक कीबोर्ड. फ्रेंचचंच घ्या. फ्रान्समध्ये अझर्टी चालतो, त्यात ए आणि क्यू यांची अदलाबदल असते आणि आकडे लिहायला शिफ्ट दाबावी लागते. कॅनडातले फ्रेंच भाषिक मात्र क्वर्टीच्या, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीच्या, चौकटीत लिहितात, आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषिकांकडे जर्मन धाटणीचा क्वर्ट्झ, ज्यात वाय आणि झेड जागा बदलतात. इंग्रजीचीही तीच कथा. दीडशे वर्षं राज्य ब्रिटिशांनी केलं, पण आपल्याकडच्या दुकानात मिळतो तो अमेरिकी मांडणीचा कीबोर्ड. दोनच्या कळेवर शिफ्ट धरली की आपल्याला ईमेलच्या पत्त्यातलं चिन्ह मिळतं. लंडनमध्ये त्याच जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं. आपली भर एवढीच, की २०१० साली रुपयाचं चिन्ह ठरलं आणि ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणीत ते उजवा आल्ट आणि चार या जोडीवर बसलं.

क्वर्टी मुद्दाम संथ लिहिता यावं म्हणून केला, ही गोष्ट तर शाळेतही सांगतात. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स यांनी टाइपरायटरचं पेटंट १८६८ मध्ये घेतलं आणि १८७०च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने यंत्र बाजारात आणलं. मधल्या काळात अक्षरांच्या जागा अनेकदा बदलल्या. शेजारशेजारचे दांडे अडकू नयेत हा एक विचार त्यामागे असेलही, पण टंकलेखकाला मंद करणं हे उद्दिष्ट होतं याला पुरावा नाही. इंग्रजीत सतत जोडीने येणारी ई आणि आर ही अक्षरं त्यात शेजारीशेजारी आहेतच. क्योतो विद्यापीठातले कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ साली मांडलं, की तारायंत्राचे संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या गरजांनीही ही मांडणी घडली. पुढे १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅक यांनी वेगळ्या मांडणीचं पेटंट घेतलं आणि ती जास्त वेगवान असल्याचा गवगवा झाला. हात बसले होते ते क्वर्टीवरच.

मराठीत सगळ्यात महागात पडलेला गैरसमज वेगळाच आहे. फॉन्ट आणि कीबोर्ड एकच, हा तो समज. ‘माझ्याकडे क्रुतिदेव कीबोर्ड आहे’ असं म्हणणारे अजून भेटतात. क्रुतिदेव हा फॉन्ट आहे, आणि त्याची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली आहेत. त्यात ‘मराठी’ टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला ही पाच इंग्रजी अक्षरंच दिसणार. कार्यालयातून आलेलं परिपत्रक घरी उघडल्यावर फाफटपसारा दिसतो तो म्हणूनच. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी मुळात नव्हतंच. शोधयंत्राला ते सापडत नाही, आंधळ्यांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर त्याचा उच्चार करू शकत नाही. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठतो, कुठल्याही फॉन्टमध्ये पाहा. आणि रेमिंग्टनवर हात बसलाय म्हणून युनिकोड नको, हा युक्तिवाद टिकत नाही. ‘रेमिंग्टन गेल’ ही मांडणी घेतली तर बोटं जुन्या वळणाने चालतात आणि साठतं युनिकोड.

आता इनस्क्रिप्ट. तो सरकारी आहे, म्हणून किचकट असणार, असं न वापरताच ठरवून टाकलं जातं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी काढली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तिचा पाया आहे तो आपण पहिलीत घोकलेली वर्णमाला. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. कोरियन कीबोर्डात याच्या बरोबर उलटं आहे, तिथे व्यंजनं डावीकडे. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट आणि त्यांच्या वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड. शिफ्ट धरली की क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. म्हणजे पाच वर्गांतली वीस अक्षरं दहा कळांत, आणि पाठांतराला एकच सूत्र. शिवाय हीच जागा गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ लिप्यांनाही. बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणाऱ्याला ‘क’साठी वेगळी बोटं शिकावी लागत नाहीत. माझ्या मते भारतीय भाषांसाठी झालेल्या तांत्रिक कामातलं हे सर्वांत शहाणपणाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम असावं.

यात रत्नागिरीचा एक जुना धागा आहे. देवनागरी यंत्रात कशी बसवायची हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा. इथेच जन्मलेल्या टिळकांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटी केल्या. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी रूपं काढून टाकून ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार लावायचे: अि, अी, अु, अू. त्या काळातल्या काही छापील मजकुरात अशी अक्षरं आजही भेटतात. ही सुधारणा रुजली नाही. पण इनस्क्रिप्टमध्ये वेलांटीच्या कळेवर शिफ्ट धरली की ‘इ’ येते आणि उकारावर ‘उ’. स्वर आणि त्याची खूण एका कळेवर आले, अक्षराचं रूप न मोडता. सावरकरी पद्धतीचं पुस्तक जसंच्या तसं संगणकात उतरवलं, तर मात्र ‘इतिहास’ शोधणाऱ्याला त्यातला ‘अितिहास’ सापडत नाही. युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

इनस्क्रिप्टमध्ये मराठीपुरत्या खास गोष्टी नाहीत, असंही ऐकू येतं. आहेत. दर्या आणि दऱ्या, दोन्ही कोकणाचेच. पहिल्यासाठी द, र, पाय मोडणं, य, काना. दुसऱ्यासाठी त्याच पाच कळा, फक्त ‘र’ दाबताना शिफ्ट. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांच्या मजकुरात हाच फरक वारंवार गळतो. ‘ॲ’ची कथा जरा दुःखाची. मराठीचं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवत. त्यामुळे ‘ॲप’ आणि ‘अॅप’ दिसायला सारखे, आत वेगळे. हिंदीच्या मांडणीतून येणारं ‘ऍ’ हे आणखी तिसरंच.

शिकायचंच असेल तर विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा. २०१९च्या मे महिन्यानंतरच्या विंडोज १० मध्ये दोन पर्याय दिसतात. नुसतं ‘मराठी’ म्हणजे इनस्क्रिप्ट, आणि दुसरा फोनेटिक. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘स्वरचक्र’ वेगळ्या वाटेने जातं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. आणि राज्य परीक्षा परिषदेची मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची मराठी टायपिंग परीक्षा द्यायची असेल, तर मांडणी निवडण्याआधी परीक्षेच्या पत्रकात कोणती सांगितली आहे ते पाहा आणि क्लासही तीच शिकवतो का ते विचारा. बोटांना एकदा वळण लागलं की ते बदलायला महिने जातात.